बिस्किट कोणी दिलं

९ फेब्रुवारी

विहीणबाई,

फोनवर आपलं बोलणं दोन मिनिटांत भांडणावर येतं. तुमच्या चिरंजीवांनीच परवा सुचवलं, "तुम्ही दोघी पत्रं लिहा, म्हणजे निदान एकमेकींचं वाक्य तरी पुरं वाचाल." लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या तोंडून इतकं शहाणं काही ऐकायला मिळेल असं मला वाटलं नव्हतं. म्हणून लिहिते.

मुद्द्यावर येते. शनिवार-रविवार माझी लेक माझ्याकडे होती. चेहरा उतरलेला, तोंड आलेलं, पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं. ज्या अवस्थेतून मी तिला वर्षानुवर्षं झटून बाहेर काढलं, त्याच अवस्थेत तुम्ही तिला लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत परत नेऊन ठेवलंत. अभिनंदन.

हा आजार मी तुम्हाला अनेकदा समजावला आहे. पुन्हा समजावते, कारण शाळेत रसायनशास्त्र शिकवताना शेवटच्या बाकासाठी सगळं पुन्हा सांगायची सवय मला होतीच. गव्हात ग्लूटेन नावाचं प्रथिन असतं. त्याच्यामुळेच तुमच्या बेकरीतला पाव फुगतो. सिलिअॅक असलेल्या माणसाच्या पोटात ते गेलं की त्याचं शरीर स्वतःच्याच आतड्यावर तुटून पडतं. आतड्याच्या आतून मखमलीसारखी लव असते, अन्न शोषून घेणारी. ती झडते, सपाट होते. मग माणूस पोटभर जेवला तरी उपाशीच. याला औषध नाही. ग्लूटेन खायचं नाही, आयुष्यभर, कणभरही नाही, एवढाच उपाय. हा नखरा नव्हे. तुमच्या त्या गिऱ्हाईकबाई कंबर बारीक करायला पाव सोडतात, ते तर नव्हेच नव्हे.

आता लघवी तपासायची घरगुती पट्टी निघाली आहे. आदल्या एक-दोन दिवसांत पोटात ग्लूटेन गेलं असेल तर तिच्यावर दोन रेघा उमटतात. आमच्या रुग्ण-मंडळाने या पट्ट्या मागवल्या, आणि चिटणीस म्हणून पहिली पेटी माझ्याकडे आली. लेक नको नको म्हणत होती. मी ऐकलं नाही. दोन रेघा उमटल्या, विहीणबाई, चांगल्या ठळक. ती पट्टीकडे बघत म्हणाली, "पट्टीच बिघडली असेल," आणि बॅग भरून निघून गेली.

मी दुसरी पट्टी स्वच्छ पाण्यात बुडवून पाहिली, एकच रेघ आली. पट्टी बिघडलेली नाही. बिघाड तुमच्या स्वयंपाकघरात आहे. तुम्ही तिला काय खाऊ घालता आहात?

तुमच्या सुनेची आई


१७ फेब्रुवारी

विहीणबाई,

पत्र मिळालं. बेकरीतल्या मुलींना मोठ्याने वाचून दाखवलं. "शेवटच्या बाकासाठी" आलं तेव्हा त्या इतक्या हसल्या की एकीने केकवर नाव चुकीचं काढलं.

तुम्ही माझ्या घरी एकूण दोनदा आलात. दोन्ही वेळा माझ्या ओट्यावरून बोट फिरवून बोटाकडे बघितलंत. पहिल्यांदा मला वाटलं, बाईंना डोळ्यांचा काही त्रास असेल.

तर ऐका आता. भट्टी तळघरात, दुकान रस्त्यावर आणि घर तिसऱ्या मजल्यावर. मी खालून वर जाताना मधल्या खोलीत कपडे बदलते, डोकं धुते, चपला बदलते. वरची जुनी भांडी मी सगळी वाटून टाकली. तव्यापासून चाळणीपर्यंत सगळं नवं आणलं. सूनबाईचं कपाट वेगळं केलं, त्याला कुलूप लावलं, किल्ली तिच्याकडे दिली. वर पावाचा तुकडा येत नाही. मी, जिच्या पावासाठी लोक उजाडायच्या आत रांग लावतात, मी माझा पाव खाली दुकानात उभ्याने खाते आणि चूळ भरून वर जाते. तुमच्या शाळेत असलं काही शिकवत होते का?

आता माझा प्रश्न. गुरुवारी संध्याकाळी ती तुमच्या त्या मंडळात जाते. गेले दोन महिने बघतेय, गुरुवारी परत आली की आडवीच होते. शुक्रवारी ऑफिसला जाताना जिन्याचा कठडा धरते. तिथे तुम्ही चारता काय तिला? तुमच्या मंडळाचा एक केक तुम्ही माझ्याकडे पाठवला होतात, आठवतंय? मी तो सुरीने कापायला गेले तर सुरी सरकून ओट्यावर आपटली. लोक जमायचं, एकमेकांना आपापल्या जुलाबांच्या हकिगती सांगायच्या, डोळे पुसायचे आणि वर तो केक खायचा. तुमचे ते अध्यक्ष तर थेंब विकतात म्हणे. दोन थेंब जिभेवर टाका आणि खुशाल पाव खा. सूनबाईच्या टेबलावर मी त्यांची जाहिरात पाहिली.

मला विचारण्याआधी त्यांना विचारा.

तुमच्या जावयाची आई


२५ फेब्रुवारी

विहीणबाई,

अध्यक्षांची काळजी नको. मंडळात येण्याआधी तो मनुष्य केस वाढवायचं तेल विकत होता, आणि स्वतःच्या डोक्यावर त्याचा पुरावा म्हणून काही नव्हतं. त्या थेंबांबद्दल मी त्याला भर सभेत उभं केलं आणि विचारलं, "हे थेंब पोटात गेल्यावर ग्लूटेनचं नेमकं काय करतात?" तो म्हणाला, "सकारात्मक ऊर्जा देतात." त्याच सभेत तो माजी अध्यक्ष झाला. पण मंडळात मूर्ख आहेत म्हणून मंडळ मूर्ख होत नाही. कोणत्या औषधाच्या गोळीत गव्हाचा स्टार्च आहे, कोणत्या खानावळीत तळणीचं तेल वेगळं असतं, हे या लोकांनी एकमेकांना सांगितलं नसतं तर डॉक्टरांनी सांगितलं नसतं. त्यांना आमच्यासाठी वेळ नसतो.

पण तुमच्या पत्रातली दुसरी गोष्ट मी पुन्हा पुन्हा वाचली. गुरुवारी ती मंडळात येते?

माझी लेक नाताळाच्या सुट्टीपासून मंडळात फिरकलेली नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "गुरुवारी सासूबाईंना दुकानात मदत लागते, आई. मोठ्या ऑर्डरी असतात." मला वाटलं, बरोबरच आहे. पाणीपुरवठा खात्यात नळांचे नकाशे काढणाऱ्या मुलीला तुम्ही गल्ल्यावर बसवणार, यात आश्चर्य कसलं! मी मनातल्या मनात तुम्हाला काय काय म्हटलं ते इथे लिहीत नाही.

आता सांगा, ती तुमच्या दुकानात असते की नाही?


२ मार्च

विहीणबाई,

नसते. गुरुवारी माझ्या दुकानात ती पाऊलही टाकत नाही.

मुलाला विचारलं. तो जेवत होता. घास तसाच हातात धरून म्हणाला, "आई, तिला मंडळात जाऊ दे ना." मी म्हटलं, "मंडळात ती जात नाही, तिच्या आईचं पत्र आलंय." तर म्हणतो, "मग ऑफिसात काम असेल." लिफ्टच्या तारा बघून कुठली तुटणार ते सांगणारा माझा मुलगा, पण खोटं बोलताना त्याचे कान लाल होतात हे त्याला अजून कळलेलं नाही.

तुम्हाला वाईट वाटेल, वाटू दे. तरुण बाई, दोन घरी दोन थापा, परत आल्यावर दार लावून पडून राहणं, नवऱ्याने झाकपाक करणं. मी दुकान चालवते, माणसं बघते. याचा अर्थ काय होतो ते मला शिकवू नका. येत्या गुरुवारी मी दुकान मुलींवर टाकून तिच्या मागे जाणार आहे.


६ मार्च

विहीणबाई,

तुमच्या डोक्यात फक्त यीस्ट आहे हे मला आधीच कळायला हवं होतं. माझी लेक तसली नाही. ती आजारी आहे, आणि तुम्हाला तिच्यामागे पुरुष दिसतो!

पाठलाग करायचाच असेल तर करा. तुम्हाला तेच शोभतं. पण ती कुठे जाते ते कळल्यावर आधी मला कळवा. लगेच.


१३ मार्च

विहीणबाई,

कळवते. नीट बसून वाचा.

ती ऑफिसातून निघाली, बसमध्ये बसली. मी मागच्या दारातून चढले. अंगात मुलाचा रेनकोट, वर आकाश निरभ्र. लोक माझ्याकडे बघत होते. ती मोठ्या सरकारी हॉस्पिटलपाशी उतरली. मी मनात म्हटलं, पुरुष असता तर परवडलं असतं.

चौथ्या मजल्यावर एक लांब बोळ आहे. शेवटच्या खोलीच्या दाराला काच. आत सूनबाई खुर्चीवर बसली होती, बाही वर केलेली. नर्सने रक्त काढून घेतलं. मग टेबलावरच्या पाकिटातून तिने एक बिस्किट काढलं आणि वजनकाट्यावर ठेवून पाहिलं. नर्सच्या चेहऱ्यावर मांजराला औषध पाजताना असतो तसला निर्धार. सूनबाईने आधी एक गोळी गिळली. मग ते बिस्किट खाल्लं, सगळं. कडेने पडलेला चुराही बोटाने टिपून खाल्ला.

विहीणबाई, माझं आयुष्य भट्टीसमोर गेलंय. ते बिस्किट गव्हाचं होतं, मला त्याचा रंग काचेतून कळला.

मी दार ढकललं. म्हटलं, "थुंक ते!" नर्स किंचाळली. सूनबाई मात्र जागची हलली नाही. तोंड पुसलं आणि म्हणाली, "अहो आई, बसा. आलातच आहात तर माझं वजन किती उतरलं ते तुम्हीच बघा, म्हणजे माझ्या आईला बरोबर आकडा कळेल."

असं बोलली ती मला. माझ्या तोंडावर.

बाकी ती स्वतः लिहिणार आहे. तिने शपथ घातलीय म्हणून मी पुढचं लिहीत नाही.


१९ मार्च

अगं आई आणि अहो आई,

दोघींना एकच पत्र. दोन प्रती काढल्यात, मजकूर तोच आहे, तुलना करत बसू नका.

हॉस्पिटलात सिलिअॅकच्या एका नव्या गोळीची चाचणी चालू आहे. आपल्या आतड्यात एक एन्झाइम असतं. ते ग्लूटेनवर शिक्का मारतं, आणि तो शिक्का दिसला की शरीर चवताळून उठतं. ही गोळी शिक्का मारणाऱ्याचा हात धरते. निदान तशी कल्पना आहे. कल्पना खरी की खोटी, हे कळायला सिलिअॅकच्या माणसांनी रोज गोळी घेऊन रोज मोजून थोडं ग्लूटेन खाऊन बघायला हवं. अर्ध्या लोकांना खरी गोळी, अर्ध्यांना तशीच दिसणारी रिकामी. कोणाला कुठली, हे आम्हाला ठाऊक नाही, डॉक्टरांनाही नाही. सुरुवातीला दुर्बीण घालून आतड्याचा तुकडा काढलाय, शेवटी पुन्हा काढतील. रोजचं बिस्किट मी ऑफिसच्या खणात ठेवते, सुट्टीचं पर्समध्ये, आणि गुरुवारी तपासणीला जाते. सगळे धोके मला सांगितले होते. मी कधीही सोडून येऊ शकते. तुमच्या जावयाला, म्हणजे तुमच्या मुलाला, पहिल्या दिवसापासून माहीत आहे. त्याला मीच गप्प राहायला सांगितलं होतं. त्याच्यावर ओरडू नका.

आता, तुम्हाला का सांगितलं नाही ते.

आई, तू माझ्या वतीने सगळ्या जगाशी भांडतेस. मी कुठल्याही घरी पोचायच्या आधी तुझ्या सूचना पोचलेल्या असतात. माझ्या पहिल्या नोकरीच्या पहिल्या दिवशी साहेब मला म्हणाले, "हो हो, तुमच्या आईंचा फोन आला होता." त्यानंतर त्या ऑफिसात मला कोणी कधी चहालासुद्धा बोलावलं नाही. त्यांना तुझी भीती वाटायची. तू ज्यांना मूर्ख म्हणतेस त्यांच्यातच मला रोज बसायचं असतं.

आणि सासूबाई, तुम्ही माझ्यासाठी कपाट केलंत, कुलूप लावलंत, भांडी बदललीत. मग घरी आलेल्या प्रत्येकाला ते कपाट दाखवलंत. "ही बघा, हिच्यासाठी आम्हाला काय काय करावं लागतं." मी प्रत्येक वेळी शेजारी उभी होते.

तुम्हा दोघींना वाटतं की तुम्ही एकमेकींचा तिरस्कार करता. तसं नाही. तुम्ही एकमेकींना दाखवून देता की माझी काळजी कोण जास्त घेतं, आणि त्या शर्यतीत माझं आतडं मैदानासारखं वापरता. मला या आजाराचं एक तरी काम असं करायचं होतं, जे तुमच्यापैकी कोणीही माझ्या वतीने केलेलं नाही. हे ते काम.

त्रास होतोय. खोटं बोलत नाही. होईल हे धरूनच मी सही केली होती.

चाचणी संपेपर्यंत कोणी हॉस्पिटलात येऊ नये. विशेषतः रेनकोट घालून.


४ एप्रिल

विहीणबाई,

अर्थातच मी हॉस्पिटलात गेले.

मुख्य डॉक्टर म्हणून जो पुढे आला, त्याला मी शाळेत असते तर मधल्या सुट्टीत वर्गाबाहेर काढलं असतं. मी म्हटलं, "माझ्या मुलीला खरी गोळी आहे की रिकामी, एवढं सांगा. रिकामी असेल तर तिचं हे विष खाणं आजच थांबवते." तो म्हणाला, "मलाच माहीत नाही." मी म्हटलं, "मग काय माहीत आहे?" तो म्हणाला, "एवढंच, की मला माहीत असतं तर ही चाचणी फुकट गेली असती." आणि मला, मला, आंधळी चाचणी म्हणजे काय ते समजावू लागला! मी त्याला सांगितलं, आपण लंगोटात होतात तेव्हा मी हे फळ्यावर शिकवत होते.

त्यावर तो पोरटा शांतपणे म्हणतो, "तर मग तुम्हाला तुमच्या मुलीचा अभिमान वाटत असेल."

मी उठून आले.

खरं तर दुसरं कोणी आपल्या आतड्याचं असं नुकसान करून घेत असतं तर मी मंडळात त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या असत्या. संशोधन हवं, म्हणून गेली कित्येक वर्षं मीच अर्ज करते आहे. पण ते आतडं माझ्या घरचं असावं, असं त्या अर्जांत कुठे लिहिलं नव्हतं.

तुम्ही तिला समजवा. तुमचं ऐकेल असं नाही, पण तुम्ही रोज समोर असता.


२१ एप्रिल

विहीणबाई,

समजावलं. ऐकलं नाही. आता तुमचं समाधान झालं असेल की ती माझंही ऐकत नाही.

परवा मी तिच्या खोलीत गेले. पोटावर गरम पाण्याची पिशवी ठेवून पडली होती. नखं बघितली, पांढरीफटक. मी म्हटलं, "बाई, सोड आता. तुझ्यावाचून विज्ञानाचं काही अडत नाही." ती म्हणाली, "आत्ता सोडलं तर आधी सोसलेलं सगळं वाया जातं. थोडेच दिवस राहिलेत." मग म्हणाली, "अहो आई, तुम्ही भट्टीचं दार मध्येच उघडता का?"

मी खाली निघून आले. दोन गिऱ्हाइकांवर विनाकारण डाफरले. एकाने पाव तिथेच ठेवला आणि गेला. जाऊ दे. त्याला माझ्या पावाची किंमत कुठे कळणार होती.

तुम्ही त्या डॉक्टरबद्दल लिहिलंत ते वाचून आपलं पहिल्यांदाच एकमत झालं. मीही त्याला लांबून पाहिलाय. चालताना असा चालतो जणू फरशी त्याच्या वडिलांनी बसवलीय.

एक सांगायचं राहिलं. कपाटाचं कुलूप मी काढलं. कोणाला दाखवायला नव्हे. सहज काढलं.


११ जानेवारी

विहीणबाई,

मे महिन्यापासून आपण लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही नव्हतं. चाचणी संपली, तिचा पथ्याचा आहार पुन्हा सुरू झाला, हळूहळू तिच्या गालांवर रंग आला. दोघं तुमच्या घरातून ऑफिसजवळच्या खोल्यांत राहायला गेली, आणि दोघींपैकी एकीलाही त्यांनी किल्ली दिली नाही. तुम्हाला दिली नाही हे ऐकून मला जो आनंद झाला, तो मला दिली नाही हे कळेपर्यंतच टिकला.

आता तिला हॉस्पिटलातून कळवलंय. तिला रिकामी गोळी होती.

रिकामी, विहीणबाई. माझी मुलगी एवढे दिवस रोज विष खात होती आणि सोबत साखरेची भुकटी गिळत होती. दुसऱ्या तुकड्यात तिच्या आतड्याची लव निम्म्याहून जास्त झडलेली निघाली. भरून येईल म्हणतात. म्हणतातच. आणि तिने हे मला फोनवर असं सांगितलं जणू पावसाचा अंदाज सांगते आहे.

येत्या शनिवारी तिथे सभा आहे. चाचणीत भाग घेतलेल्या सगळ्यांना आणि त्यांच्या घरच्यांना निकाल समजावून सांगणार आहेत. तिने मला बोलावलं. मी नाही म्हटलं. ज्यांनी माझ्या मुलीला फसवलं (मला माहीत आहे, फसवलं नाही, तिने सही केली होती, मला शिकवू नका), त्यांच्या सभेत बसून मी त्यांचे आलेख बघणार नाही. तो पोरटा छडी घेऊन पडद्यापाशी उभा राहील आणि सगळे टाळ्या वाजवतील. मला ते सोसवणार नाही.

तुम्ही जाणारच असाल. तुम्हाला गर्दी आवडते.

तुमच्या सुनेची आई


१९ जानेवारी

विहीणबाई,

गेले होते. शनिवारी दुकान बंद ठेवलं. असं मी माझा नवरा गेला तेव्हा केलं होतं, त्यानंतर कालच्या शनिवारी.

सभागृह हॉस्पिटलच्या मागच्या इमारतीत होतं. प्लास्टिकच्या खुर्च्या, एक पंखा चालू, एक बंद. खायला काही नव्हतं, कारण सिलिअॅकवाल्यांच्या सभेत काय ठेवायचं यावर त्यांचं आपसात एकमत झालं नसणार. एवढे शिकलेले लोक, फळंसुद्धा सुचली नाहीत. माझा मुलगा, मी, सूनबाई, असे तिसऱ्या रांगेत बसलो.

तुमचा पोरटा आला. छडी नव्हती, हातात लाल दिवा होता. अर्धा तास इंग्रजी शब्द पेरत बोलला. मला त्यातलं एवढं कळलं की गोळीने आजार बरा होत नाही, पथ्य सुटत नाही, पण चुकून पोटात गेलं तर आतड्याचं नुकसान बरंच कमी होतं. अजून मोठी चाचणी व्हायची आहे, आणखी माणसं लागतील, आणखी वर्षं लागतील. मग तो पडद्यावर एक चित्र दाखवू लागला. त्यात दोन रेघा होत्या. वरची जवळजवळ सरळ. दुसरी मधूनच खाली घसरत गेलेली.

तो वरच्या रेघेचंच कौतुक करत होता. लाल ठिपका वरच्या रेघेवरून नुसता पुढे-मागे, पुढे-मागे. टाळ्या सुरू झाल्या. माझं डोकं फिरलं. मी उभी राहून विचारलं, "अहो डॉक्टर, ती खाली पडलेली रेघ कोणाची?"

टाळ्या थांबल्या. त्याने ठिपका खाली आणला. म्हणाला, "ती रिकामी गोळी मिळालेल्यांची. ती रेघ खाली गेली नसती तर वरची वर आहे हे आम्हाला कधीच कळलं नसतं."

माझ्या शेजारी सूनबाई उठली. तिने माझ्यासारखा आवाज चढवला नाही. साधं म्हणाली, "ती रेघ माझी."

विहीणबाई, सगळे तिच्याकडे वळले. मग मागे खुर्ची वाजली. पोस्टाच्या गणवेशातला एक माणूस उभा राहिला होता. "माझीही," म्हणाला. खिडकीपाशी एक बाई उठल्या, तुमच्या-माझ्या वयाच्या, काठी टेकून. मग दोघे भाऊ असावेत, सारख्या नाकाचे. मग एक कॉलेजची मुलगी, ती आधी उठली, लाजून बसली आणि पुन्हा उठली. असे एकेक करत ते सगळ्या सभागृहात उभे राहिले. एकमेकांना ओळखत नव्हते. नुसते उभे होते आणि एकमेकांकडे बघत होते.

आम्ही घरची माणसं सोडली तर बसलेले होते ते वरच्या रेघेतले. ते आता पडद्याकडे बघेनात. माझ्या पुढच्या खुर्चीतला एक जाडा गृहस्थ मागे वळला, सूनबाईकडे बघून त्याने तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. शेवटी एवढंच म्हणाला, "मला खरी गोळी होती हो." जणू चोरी कबूल करत होता. सूनबाई हसली. म्हणाली, "बरं झालं. कोणाला तरी हवीच होती."

मी आयुष्यभर माणसांना नावं ठेवत आले. गिऱ्हाइकांना, डॉक्टरांना, तुम्हाला. तुम्हाला जास्त. त्या सभागृहात मी चारी बाजूंना बघितलं आणि नावं ठेवायला मला कोणी मिळेना. तो पोरटासुद्धा नाही, तो चष्मा काढून खाली फरशीकडे बघत होता. मला जरा अवघडल्यासारखंच झालं.

आता जे लिहिते ते तुम्हाला लागावं म्हणूनच लिहितेय, तुम्ही त्याच लायकीच्या आहात. सूनबाईच्या डाव्या हाताला एक खुर्ची मोकळी होती. सभा भरली, मागे लोक भिंतीला टेकून उभे राहिले. एक बाई आल्या, विचारलं, "इथे कोणी आहे का?" सूनबाई म्हणाली, "हो, माझी आई येतेय." नंतर एक म्हातारे आले, त्यांनाही तेच. मी तिला हळूच म्हटलं, "अगं, त्या नाही म्हणाल्यात ना?" ती म्हणाली, "ती आधी नाहीच म्हणते."

उभी राहिली तेव्हाही तिचा एक हात त्या खुर्चीच्या पाठीवर होता. सभा संपून लोक पांगले, झाडूवाला आत आला, तेव्हा कुठे तिने तो काढला.

तुमच्या जावयाची आई